लाजऱ्या माणसाचा व्यायाम: खिशाला चाट न लावता, खान्देशच्या उन्हात

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावच्या मैदानावर पहाटे जा, आधी दिसतात ती भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, म्हणून ही पोरं अंधारातच येऊन घड्याळ लावून फेऱ्या मारत असतात. चाळिशीतला, पोट सुटलेला माणूस मोठ्या हौसेने पहिल्या दिवशी तिथे जातो. दोन पोरं त्याला ओलांडून सुसाट निघून जातात, तो मान खाली घालून दोन फेऱ्या चालतो आणि दुसऱ्या दिवसापासून दिसत नाही. बाईमाणसाचं आणखी अवघड. मैदान लांबच राहिलं, गल्लीच्या तोंडाशीच कोणीतरी विचारतं, "कथा चालनी व माय?" (कुठे चाललीस गं बाई?) या प्रश्नाला रोज रोज काय उत्तर द्यायचं, या विचारानेच निम्म्या जणींची पहाट अंथरुणात जाते.

पैसा नाही म्हणून व्यायाम होत नाही, असं आपण म्हणतो खरं. पण माझ्या मते पैसा ही सगळ्यात छोटी अडचण आहे. मोठ्या अडचणी दोन: लोक बघतात ही, आणि आपल्याकडचं ऊन ही. म्हणून इथे दिलेला क्रम कोण बघतंय यावर लावला आहे. आधी दार लावून घरात, मग गच्चीवर किंवा अंगणात, मग रस्त्यावर, मग मैदानात. जिम सगळ्यात शेवटी, तेही वाटलं तर. खर्चही त्याच क्रमाने येतो: पहिल्या दोन आठवड्यांत एक रुपयासुद्धा नाही.

आधी एक चक्कर दवाखान्यात, सगळ्यांनी नव्हे

तिशी-पस्तिशीतल्या धडधाकट माणसाला चालायला डॉक्टरची परवानगी लागत नाही. पण चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखतं, चक्कर येते, थोड्याशा श्रमाने धाप लागते, बीपी किंवा साखरेची गोळी सुरू आहे, हृदयाचा त्रास होऊन गेलाय, नुकतं ऑपरेशन झालंय किंवा दिवस गेलेत, तर आधी विचारून घ्या. पैसे लागत नाहीत. तिशी ओलांडलेल्यांचं बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला की तोंडात टाकायची आणि बसून घ्यायचं. आल्यावर तळपाय नीट बघायचे. साखरेच्या रुग्णाला पायाला फोड आलेला कधीकधी कळतही नाही.

पहिले दोन आठवडे: दार लावून, दहा मिनिटं

सोमवार, बुधवार, शुक्रवार. तीनच दिवस. मधले दिवस सुट्टीचे. शरीर दुरुस्तीचं काम विश्रांतीत करतं. लागतं काय? एक खुर्ची, एक भिंत, एक सतरंजी आणि खाण्याच्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन.

सुरुवातीला दोन मिनिटं जागच्या जागी पावलं टाका, हात हलवा. अंग जरा गरम झालं की पुढचं.

खुर्चीवर उठणं-बसणं. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रकार, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडच्या घरात प्लॅस्टिकची खुर्ची असते आणि ती गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. खुर्चीपुढे उभे राहा, पाय खांद्याइतके फाकवा, चवडे किंचित बाहेर, हात समोर. आता गुडघे पुढे ढकलायचे नाहीत, आधी कंबर मागे न्यायची आणि मनात एक-दोन-तीन म्हणत खाली यायचं. शेवटच्या चार बोटांवर बहुतेक जण धपकन बसतात. खरा व्यायाम त्या चार बोटांतच आहे, तिथे पाय थरथरतात ते चांगलं लक्षण. खुर्चीला जेमतेम टेकायचं, आणि टाचांवर जोर देत उभं राहायचं. उठताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी चढतं. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर घडी केलेल्या दोन गोधड्या ठेवून बैठक उंच करा. दोन आठवड्यांनी एक गोधडी काढा, मग दुसरी. खुर्चीशिवायची बैठक यथावकाश येईल.

भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेका. अंग फळीसारखं ताठ ठेवून कोपरातून वाका, नाक भिंतीजवळ न्या, परत या. भिंत सोपी वाटायला लागली की स्वयंपाकघराचा ओटा, मग पलंगाची कड, शेवटी जमीन. ओट्यावरून जमिनीपर्यंत यायला दोन-तीन महिने लागले तरी हरकत नाही.

कॅन ओढणं. पुढे ढकलायचा व्यायाम सगळे करतात, मागे ओढायचा कोणी करत नाही, म्हणून खांदे पुढे झुकतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पाच लिटरचा भरलेला कॅन म्हणजे पाच किलोचा डंबेल. झेपत नसेल तर अर्धाच भरा. कमी वाटला तर कोरडी वाळू भरा, वजन आठ किलोच्या घरात जातं. एक हात आणि गुडघा पलंगावर टेकवून, पाठ सपाट ठेवून, दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढा. कोपर अंगालगत. कॅनचं हँडल बोटांना रुततं, त्याला फडकं गुंडाळा. आणि झाकण घट्ट आहे ना ते आधी बघा, नाहीतर गादी वाळत घालायचा व्यायाम वाढतो.

कंबर उचलणं आणि टाचा उचलणं. सतरंजीवर उताणं झोपून, गुडघे वाकवून, तळपाय जमिनीला टेकवून कंबर वर उचला, क्षणभर थांबा, खाली. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा ऑफिसात बसणाऱ्यांच्या पाठीला हा प्रकार फार मानवतो. मग दाराची चौकट धरून दोन्ही टाचा उचलायच्या, सावकाश टेकवायच्या.

प्रत्येक प्रकार आठ वेळा, कॅन दोन्ही हातांनी आठ-आठ वेळा. पहिल्या आठवड्यात एकच फेरी, दुसऱ्यात दोन. संपवताना "अजून दोन-तीन झाले असते" असं वाटलं पाहिजे. तोंडाला फेस येईपर्यंत केलं तर ते उत्साहाचं काम झालं, आणि उत्साह आठवडाभर टिकतो. आठाचे बारा सहज व्हायला लागले की त्याच प्रकाराची अवघड पायरी घ्या आणि पुन्हा आठवर या. सगळी प्रगती या एका नियमावर चालते. जिममधल्या महागड्या मशिनवरही हाच नियम असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतील. स्नायूंचं हे दुखणं साधारण एक ते तीन दिवस राहतं आणि आपलं आपण जातं. हलकं चाललं तर जरा बरं वाटतं. पण सांध्यात टोचल्यासारखी कळ, सूज, पायात उतरणाऱ्या मुंग्या हा प्रकार वेगळा. तिथे थांबायचं आणि दाखवायचं.

सूर्यनमस्कारांचं काय, असं कोणीतरी विचारणारच. सूर्यनमस्कार उत्तम आहेत, फुकट आहेत, पण ते पहिल्या आठवड्याचे नव्हेत. मनगट, खांदे आणि मांडीमागचे ताठरलेले स्नायू यांच्यावर एकदम भार येतो. रथसप्तमीला सामूहिक नमस्कारांत पहिल्यांदाच शंभर घालून चार दिवस कण्हणारी माणसं दरवर्षी असतात. महिनाभर वरचं करा, मग तीन नमस्कार सावकाश घाला आणि आठवड्याला एक-दोन वाढवा.

उन्हाचं वेळापत्रक

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हा भाग नसतो, आणि आपल्याकडे नेमका तोच नडतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. मे अखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि सात वाजता ऊन चावायला लागतं. म्हणजे उन्हाळ्यात बाहेरचा व्यायाम साडेसहाच्या आत उरकायचा. जानेवारीत उलटं, सूर्यच सातनंतर उगवतो, त्यामुळे साडेसातला निघालात तरी चालतं; पाचला उठून थंडीत कुडकुडण्यात काही पुण्य नाही.

उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर करू, हा विचार कागदावर चांगला दिसतो. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत वाफा सोडतो. गच्ची वापरायची तर पहाटेच. ते जमत नसेल तर एप्रिल-मेमध्ये कूलरसमोर घरातच करा. त्यात कमीपणा कसला? हिवाळ्यात केलेला व्यायाम उन्हाळ्यात नुसता टिकवून धरला तरी पुष्कळ. आणि व्यायामाची सुरुवातच उन्हाळ्यात करत असाल तर पहिले दोन आठवडे वेळ निम्मी ठेवा, शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात.

अर्ध्या तासाच्या चालण्याला साधं पाणी पुरतं. घाम फारच गेला, गळून गेल्यासारखं झालं, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ घातलेलं ताक. (साखर किंवा बीपीवाल्यांनी हे रोजचं पेय करू नये.) डोकं दुखून मळमळायला लागलं तर लगेच सावली, पाणी आणि विश्रांती. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा कोसळला तर तो उष्माघात असू शकतो: अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

तिसऱ्या आठवड्यापासून: रस्ता

घरातले तीन दिवस तसेच चालू ठेवून मधल्या दिवशी दहा मिनिटं चाला. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. अर्ध्या तासापर्यंत पोचलात की दिवस वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा आणि दोन दिवस ताकदीचा. रोज ३० मिनिटं, पाच दिवस, झाले १५०. मध्यम जोर म्हणजे किती, हे कळायला हातात पट्टा बांधावा लागत नाही. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग बरोबर. सोबतच्या मैत्रिणीला सुनेची पूर्ण गोष्ट एका दमात सांगता येत असेल तर वेग वाढवा.

पहिला खर्च इथे येतो: बूट. चपलेवर भरभर चालताना बोटं आवळून धरावी लागतात आणि पोटऱ्या भरून येतात. बाजारात काही शे रुपयांत मिळणारे साधे स्पोर्ट्स शूज चालायला पुरतात. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. बाकी कपडे घरातलेच. साडीवर चालता येतं, सलवार-कमीजवर तर येतंच. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर चालायला काहीही हरकत नाही.

जागा निवडताना हायवेची कड टाळा. जळगावकरांना मेहरूण तलावाचा काठ आहे, धुळेकरांना पांझरेकाठ आणि नकाणे तलावाची बाजू. जिथे असं काही नाही तिथे कॉलनीतला आतला रस्ता, शाळेचं पटांगण, मंदिराचं आवार. रस्त्यावर चालावंच लागलं तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं, आणि अंधारात फिके कपडे. पावसाळ्यात शेतरस्त्याच्या वाटेला जाऊ नका. काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की वीस पावलांत प्रत्येक पाय किलोभर जड होतो आणि घोटा मुरगळतो.

कुत्री ही पहाटेची खरी भीती. अंगावर आली तर पळू नका. थांबा, डोळ्याला डोळा न भिडवता हळूहळू बाजूला व्हा. हातात काठी असली की बहुतेक काम काठी न उगारताच होतं. चावलंच तर हळद-चुना न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते.

आणि लोक. "कथा चालनी?" ला उत्तर एकच शब्दाचं ठेवा: "फिराले." वजन कमी करायचंय, डॉक्टरांनी सांगितलंय, असला खुलासा दिला की त्यावर दहा सल्ले येतात. पंधरा दिवस तुम्ही गल्लीची बातमी असता. मग लोकांना दुसरी बातमी मिळते. शक्य असेल तर शेजारची एक जण जोडीला घ्या. दोघींना कोणी थांबवून विचारत नाही, आणि एकीला कंटाळा आला तरी दुसरी दारात उभी असते.

पळायची हौस असेल तर सलग अर्धा तास भरभर चालता यायला लागल्यावरच. दोन मिनिटं चाल, एक मिनिट हळू पळ, असं आठ वेळा. पळण्याचा वेग इतका कमी ठेवा की स्वतःलाच लाज वाटेल.

शेतात राबणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम" हे बोलणं अर्धं खरं आहे. कापूस वेचणाऱ्या बाईची चाल भरपूर होते, तिला पहाटे आणखी चालायला सांगणं अन्याय आहे. पण दिवसभर एकाच बाजूला वाकून तिची कंबर आणि मान आखडलेली असते. तिला हवं ते उलट्या दिशेचं काम: कंबर उचलणं, कॅन ओढणं, आणि दर तासाभराने ताठ उभं राहून कमरेवर हात ठेवून हलकेच मागे वाकणं, चार-पाच वेळा. पाच मिनिटांचा मामला आहे. वेचणीच्या हंगामात एवढंच करावं, बाकी सगळं नंतर.

खाणं: डबा नको, डब्यातलंच

प्रोटीन पावडरचा डबा नवख्या माणसाने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२-१३ ग्रॅम मिळतात. दोन अंड्यांत १२ ग्रॅम. फुटाणे १०० ग्रॅम खाल्ले तर २० च्या आसपास. कळण्याची भाकरी तर आपल्या आज्यांनी नकळत केलेला हिशेबच आहे: ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, उडदात ते भरपूर, दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरून घट्ट वरण आणि वाटीभर दही. कशाला हवा डबा?

निघण्याआधी पोट रिकामं वाटत असेल तर एक केळं. केळीच्या मुलुखात राहून एनर्जी बार विकत घेऊ नये. भरीत पार्टी, शेवभाजी, वरण-बट्टी सोडायची गरज नाही, पण शेवभाजीची तर्री वाटीत वरून ओतून घ्यायची सवय मात्र जरा आवरा. आणि वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. पहिल्या दोन महिन्यांत काटा फारसा हलत नाही. जिना चढताना लागणारी धाप आधी कमी होते.

मैदान, ओपन जिम आणि खरी जिम

आता मैदानावर जा. भरतीची पोरं तिथेच असतील, पण ती स्वतःच्या सेकंदांच्या हिशेबात असतात, तुमच्याकडे बघायला त्यांना सवड नसते. बाहेरच्या कडेने चाला, आतली धाव त्यांना सोडा. एखाद्याला विचारलंत की पळताना पाय कसा टाकायचा, तर तो थांबून आनंदाने दाखवतो.

नगरपालिकेच्या बागांतून बसवलेली ओपन जिम फुकट आहे. तिथली झुलणारी, फिरणारी साधनं अंग मोकळं करायला ठीक, ताकद वाढवायला बेताची. लोंबकळायची दांडी मिळाली तर तिचा उपयोग करा. दहा सेकंद नुसतं लोंबकळणं हीसुद्धा सुरुवात आहे. बोल्ट निघालेलं, डुगडुगणारं साधन असेल तर हात लावू नका. गावातल्या जुन्या तालमी आणि व्यायामशाळांची चौकशी जरूर करा. तिथली फी बऱ्याचदा नाममात्र असते.

पैसे देऊन जिम लावायची तर तीन गोष्टी. वर्षाची फी एकदम भरू नका, सूट कितीही दाखवली तरी; महिन्याची भरा. एक दिवस फुकट येऊन बघू का, हे विचारा. नाही म्हणाले तर तोच जबाब समजा. आणि बुजणाऱ्यांनी सकाळी दहानंतर ते चारच्या मधली वेळ घ्यावी, तेव्हा जिम रिकामी असते आणि ट्रेनरला तुमच्यासाठी वेळ असतो. लेडीज बॅच असल्यास तिची वेळ आधी विचारून ठेवा. पहिल्याच आठवड्यात ट्रेनर पावडर किंवा गोळ्या विकायला लागला तर जिम बदला.

सराव कशासाठी, असा प्रश्न तिसऱ्या महिन्यात पडतोच. तेव्हा एखादी चढण ठरवा. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गालगतचा लळिंगचा किल्ला, चाळीसगावकडे पाटणादेवीचा परिसर, यावलच्या बाजूला सातपुड्यातली मनुदेवी. हिवाळ्यात, सकाळी, चार जणांनी मिळून, दोन-दोन लिटर पाणी घेऊन.

खंड पडला तर

पडणारच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाहुणे येतात, श्रावणात कानबाई देवी बसते, लग्नसराईत महिना निघून जातो. खंडाआधी जिथे होतो तिथूनच पुन्हा सुरू करायचा हट्ट अंगाशी येतो. आठवडाभर खंड असेल तर पहिल्या दिवशी निम्म्याच फेऱ्या करा आणि पुढच्या आठवड्यात पूर्ववत या. महिनाभर असेल तर दोन आठवडे मागची पायरी: जमिनीवर जोर मारत होतात तर पुन्हा ओटा, अर्धा तास चालत होतात तर पुन्हा पंधरा मिनिटं. तापातून उठल्यावर, विशेषतः डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर, डॉक्टरांना विचारूनच सुरू करा आणि खुर्चीवर गोधड्या परत ठेवा.